बिल्ला नसलेली सायकल



मुंबईहून इस्रायलला येताना आपल्या लोकांनी बरोबर काय काय आणलं असं विचारलं, की पितळेची भांडी, पाटा-वरवंटा, शिवणयंत्र, बाजाची पेटी, आजोबांचं तेफिलीन ही नावं भराभर निघतात. सायकलचं नाव निघायला वेळ लागतो. पण सायकली आल्या होत्या. पेडल काढून, हँडल आडवं फिरवून, गोणपाटात गुंडाळून लाकडी खोक्यांतून आल्याच्या गोष्टी आम्ही बेर शेवात आणि दिमोनात वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या आहेत. त्याच गोष्टींचा पुढचा भाग असा, की तंबूत नाहीतर पत्र्याच्या खोलीत राहताना पहिल्याच वर्षी पैशांची ओढाताण झाली आणि सायकल विकावी लागली. भांडी राहिली, तेफिलीन राहिलं, सायकल गेली. म्हणून ती आठवणीतूनही गेली असावी.

यंदा पेसाहच्या आधी आमच्या इथल्या सिनॅगॉगच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा एक कोपरा मांडायचं ठरलं. ‘आल्टे जाखेन’ अशी आरोळी देत फिरणारा भंगारवाला इस्रायलात राहणाऱ्यांना ठाऊकच आहे. शब्द यिद्दिश, अर्थ ‘जुन्या वस्तू’, आणि ओरडण्याची चाल थेट भायखळ्याच्या भंगारवाल्याची. अशाच एकाकडून आपल्यातल्या एका तरुणाने एक सायकल घेतली आणि कोपऱ्यासाठी आणून दिली. दांडीची, उंच, २८ इंची चाकांची. तिला कुणीतरी ब्रशने हिरवा ऑइलपेंट फासलेला. पुढच्या नळीवर, जिथे कंपनीचा बिल्ला असतो, तिथे वर-खाली दोन रिकामी भोकं. चेनकव्हर नाही. नाव कुठेच नाही.

हॉलमध्ये सायकल उभी राहिली आणि लगेच तीन मतं झाली. भंगारवाल्याने त्या तरुणाला सांगितलं होतं की ही इंग्रजांच्या अमदानीतल्या पोलिसांची सायकल, म्हणजे १९४८ च्या आधीची. (या एका वाक्याने किंमत दुप्पट होते, हे सांगायला नको.) कमिटीतल्या एकांचं म्हणणं पडलं की जुनी इंग्लिश सायकल म्हणजे बीएसएच, तसंच लिहून टाका. तिसरं मत एका मावशींचं होतं. वय ८४. त्या सायकलजवळ बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “माझ्या बाबांची अशीच होती. हीच असेल.” त्यांचं कुटुंब १९५४ साली आलं. वडिलांनी सायकल मुंबईहून आणली आणि सहा महिन्यांत विकली. मावशींची इच्छा होती की सायकलपुढच्या कार्डावर त्यांच्या वडिलांचं नाव असावं.

कार्ड लिहायचं काम आम्हा दोघांकडे आलं. आमच्यातल्या एकाने रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर म्हणून उमेदीची वर्षं घालवली, आणि एकीने हॉस्पिटलच्या वॉर्डात. सायकलींचे जाणकार आम्ही नव्हे. पण शुद्ध हरपलेला, खिशात कागद नसलेला पेशंट रात्री दोन वाजता दाखल झाला तर काय करायचं, हे नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. डोक्यापासून पायापर्यंत बघायचं. जुने व्रण, देवी काढल्याची खूण, दातांतलं काम, हाताचे घट्टे. जे दिसलं ते लिहायचं, जे वाटलं ते लिहायचं नाही. नाव कळेपर्यंत केसपेपरवर ‘अनोळखी’. घाईने कुणाचं तरी नाव लावलेलं तर मुळीच चालत नाही, कारण चुकीच्या नावावर चुकीचं रक्त चढतं. सायकलला रक्त चढवायचं नव्हतं, पण सवय तीच.

पहिली गोष्ट ही, की सायकलचे काही भाग बोलघेवडे असतात आणि काही अबोल. सीट, टायर, पेडल, घंटी, कॅरिअर, स्टँड यांच्यावर ठळक नावं असतात. लोक तीच वाचतात आणि सायकलला ते नाव देऊन मोकळे होतात. पण हेच भाग सगळ्यांत आधी झिजतात आणि बदलले जातात. ब्रुक्सची सीट दिसली म्हणून काही ठरत नाही. बर्मिंगहॅमच्या या कंपनीची कातडी सीट सगळ्याच कारखानदारांच्या सायकलींवर बसायची. पेडलवर बीएसए लिहिलंय म्हणून सायकल बीएसए होत नाही. न बदलणारा भाग म्हणजे फ्रेम, आणि बहुतेक वेळा पुढचा चिमटा. ते अबोल असतात. त्यांना मोजपट्टी लावल्याशिवाय ते बोलत नाहीत.

आपल्या लोकांना हे निराळं समजवायला नको. दावीद राहबींची गोष्ट घरोघरी सांगितली जाते. कोकणातले हे तेली, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, खरोखर यहुदी आहेत का हे त्यांना पाहायचं होतं. बायकांची नेसणी मराठी, बोलणं मराठी, नावंही गावच्या वळणाची. राहबींनी त्यातलं काही पाहिलं नाही. त्यांनी मासे आणून दिले, खवले-पर असलेले आणि नसलेले एकत्र, आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले-पर नसलेले बाजूला काढले. गोष्ट परंपरेची आहे, तिचा कागद नाही. पण काय बदलतं आणि काय बदलत नाही हे पाहायची रीत तिच्यात आहे, म्हणून ती इथे आठवली.

तर फ्रेमकडे. त्याआधी मोठं दातेरी चक्र, ज्यावर चेन चढते, त्याबद्दल सांगायला हवं, कारण ज्यांच्या घरी अशी जुनी सायकल असेल त्यांना याचा लगेच उपयोग होईल. जुन्या इंग्रज कारखानदारांनी बिल्ला गेला तरी ओळख राहावी अशी सोय या चक्रात करून ठेवली होती. चक्राच्या मधल्या भागात नक्षी कापलेली असे. रॅलेच्या चक्रात बगळ्याची डोकी. कंपनीचे मालक फ्रँक बोडेन यांच्या कुलचिन्हावरचा तो बगळा. रज-व्हिटवर्थच्या चक्रात उघडा पंजा. हंबरच्या चक्रात माणसांच्या आकृत्या. बीएसएच्या चक्रात सरळ ती तीन अक्षरं. त्यांचं कंपनीचिन्ह तीन उभ्या बंदुका, कारण बीएसए म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, १८६१ साली बंदूक बनवणाऱ्यांनी काढलेली कंपनी. शंभर वर्षांपूर्वीची सायकल आज गंजून गेली असली तरी चक्र पुसून बघावं. बगळा निघाला तर निम्मं काम झालं.

आमच्या सायकलचं चक्र साधं निघालं. पाच आडवे दांडे, नक्षी नाही. डाव्या-उजव्या क्रँकही एकमेकींशी जुळत नव्हत्या. उजव्या क्रँकवरचा ग्रीसचा थर रॉकेलने पुसला तेव्हा आतल्या बाजूला अक्षरं दिसली, ‘मेड इन इंडिया’. हॉलमध्ये आनंद झाला. आम्ही म्हटलं, थांबा. क्रँक बदललेली आहे. हिच्यावरून सायकल कुठे बनली ते कळत नाही, कुठून गेली एवढं कदाचित कळेल. ती गोष्ट पुढे.

चिमटा मात्र पहिल्या नजरेत वेगळा होता, आणि तो आधी कुणाच्या ध्यानात कसा आला नाही याचं नवल वाटतं. हिरव्या रंगाने सगळं सपाट दिसत होतं म्हणून असेल. साध्या सायकलच्या चिमट्याला दोन पाय असतात, डाव्या-उजव्या बाजूला एक-एक जाड नळी. या सायकलला प्रत्येक बाजूला दोन बारीक नळ्या, एकीमागे एक, खाली जुळलेल्या. असा जोडनळीचा चिमटा ही हंबरची खूण. थॉमस हंबर हा नॉटिंगहॅमजवळच्या बीस्टनचा लोहार. मुंबईत हंबरला मोठा मान होता. आमच्या लहानपणी वाडीतल्या एका काकांकडे हंबर होती. ते ती उन्हात लावत नसत आणि कुणाला हात लावू देत नसत.

पण चिमटाही बदलता येतो. अपघात झाला की आधी तोच वाकतो. मग भंगारातला दुसरा आणून बसवतात. तेव्हा चिमटा आणि फ्रेम एकाच घरचे आहेत की नाहीत, हे पाहणं भाग होतं. त्याचा उपाय आट्यांत निघाला.

इथे थोडं तपशिलात जातो, कारण हीच खरी चावी आहे. पेडलच्या क्रँका ज्या आडव्या नळीत फिरतात, तिच्या दोन्ही टोकांना आटे पाडलेले असतात आणि त्यांत कप बसतात. इंग्लंडमधल्या बहुतेक कारखान्यांत एका इंचात २४ आटे पाडत. रॅलेचा कारखाना मात्र आपल्याच मापाने, इंचाला २६ आटे पाडायचा. पुढच्या चिमट्याच्या दांड्यावरही रॅलेचे २६ आणि बाकीच्यांचे २४. हा फरक डोळ्यांना दिसत नाही. आटे मोजायची दातेरी पट्टी लावली तरच कळतो. रंग बदलता येतो, बिल्ला उपटता येतो, पण लोखंडात पाडलेले आटे कुणी उगाच बदलत नाही.

कप काढणं सोपं नव्हतं. आधी क्रँकच्या कॉटर पिना. त्यांच्या टोकावर थेट हातोडा मारला की आटे चेपतात आणि पिन जन्मभर निघत नाही. नट थोडा सैल ठेवून, लाकडाचा तुकडा मध्ये धरून, दुसऱ्या बाजूला भक्कम आधार देऊन एकच ठाम घाव घालायचा. मग उजवा कप. याचे आटे उलटे असतात. नेहमीच्या सवयीने सोडवायला जाल तर तो आणखी घट्ट होतो. दोन दिवस तेल मुरवून तो सुटला. पट्टी लावली. २६. चिमट्याचा दांडा काढला, तिथेही २६.

म्हणजे फ्रेम आणि चिमटा दोन्ही रॅले घराण्यातले. मग हंबर कशी? याचं उत्तर धंद्याच्या इतिहासात आहे. रॅले ही नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीटवर सुरू झालेली छोटी कार्यशाळा. १८८८ च्या सुमारास बोडेन यांनी ती हातात घेतली आणि वाढवली. पुढे तिने एकेक करून शेजारी गिळले. १९३२ साली हंबरच्या सायकली, १९४३ साली रज-व्हिटवर्थ, १९५७ साली बीएसएच्या सायकली. नावं तीच ठेवली, बिल्ले तेच, चक्रातली नक्षीही तीच, कारण गिऱ्हाईक नावावर जातं. पण कारखाना एकच, आणि आटे त्या कारखान्याचे. म्हणून २६ आट्यांची हंबर म्हणजे १९३२ नंतरची हंबर. बीएसएवाल्यांचा मुद्दा इथे संपला.

आता पोलिसांचा मुद्दा. मागच्या चाकाचा हब स्टर्मी-आर्चरचा निघाला, तीन गिअरचा. ही कंपनीसुद्धा रॅलेच्याच घरची. या हबवर त्यांनी फार उपकाराची गोष्ट केली आहे. युद्धानंतरच्या हबांच्या पाठीवर वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. ग्रीस आणि वाळू यांचा थर जुन्या टूथब्रशने काढला, तेव्हा एडब्ल्यू ही मॉडेलची अक्षरं, त्यांच्याजवळ ५१ आणि ५ असे आकडे दिसले. मे १९५१. इंग्रजांची अमदानी १५ मे १९४८ ला संपली होती. तीन वर्षांनी बनलेल्या हबवर बसून त्यांचा पोलीस फिरणं शक्य नाही.

अर्थात, चाक बदललेलं असू शकतं. म्हणून आणखी दोन गोष्टी पाहिल्या. पुढच्या आणि मागच्या दोन्ही रिमांवर एकाच कंपनीचा, एकाच जातीचा ठसा होता. पुढे ३२ आरे, मागे ४०, जुन्या इंग्लिश रीतीप्रमाणे. दुसरं, गिअरची तार धरणारी छोटी पट्टी दांडीवर आवळलेली होती. ती सोडवली तेव्हा तिच्याखाली हिरवा रंग नव्हता. मूळचा काळा रंग होता, तकतकीत, जणू काल लावलेला. ही पट्टी कारखान्यापासून तिथेच होती, आणि ती आहे म्हणजे सायकल पहिल्यापासून गिअरची. चाक, पट्टी, फ्रेम एकमेकांना ओळखत होते. सायकल १९५१ ची किंवा जरा नंतरची असं लिहायला आम्हाला आता अडचण नव्हती.

मूळचा काळा रंग असा हाती लागल्यावर कमिटीतल्या तरुणांचा आग्रह सुरू झाला की हिरवा सगळा खरवडून काढू. आम्ही हात लावू दिला नाही. खरवडताना खालची सोनेरी रेघ आणि कंपनीच्या अक्षरांचे उरलेसुरले अवशेषही जातात. अंधारात टॉर्च अगदी तिरपी धरली की वरच्या रंगातूनही खालच्या अक्षरांचा उंचवटा दिसतो. तेवढ्यावर भागवावं.

इथवर कारखान्याची बाजू झाली. आता क्रँकवरच्या ‘मेड इन इंडिया’कडे वळायला हरकत नाही.

हिंदुस्थानात सायकल सुरुवातीला सगळी विलायतेहून यायची. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना निघाला. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनिपतला १९५१ मध्ये अॅटलास, लुधियानाला १९५६ मध्ये हीरो असे कारखाने उभे राहिले. सरकारने बाहेरचा माल आवळला. विलायती सायकल ज्याच्याकडे होती त्याने ती जपली, आणि भाग मोडला की देशी भाग बसवला. म्हणून विलायती अंग आणि देशी हातपाय अशी सायकल त्या काळच्या मुंबईत अगदी नेहमीची होती. जेकब सर्कल, भायखळा, उमरखाडी इथून रेल्वेच्या, कस्टमच्या, गिरण्यांच्या ऑफिसांत जाणारे आपले कारकून अशाच सायकलींवर जात. कोकणात पनवेल, पेण, अलिबागकडे सायकल म्हणजे घरातली मोठी मिळकत.

शब्बाथला ती भिंतीला टेकलेली असायची. याविषयी एक गंमत आहे. बगदादचे थोर रब्बी योसेफ हाइम, ज्यांना बेन इश हाइ म्हणतात आणि ज्यांचा शब्द हिंदुस्थानातले बगदादी यहुदीही मानत, त्यांनी एरूवच्या आत शब्बाथला सायकल चालवायला हरकत घेतली नव्हती. पुढच्या बहुतेक रब्बींनी मात्र मनाई केली, आणि त्यातलं एक कारण असं की वाटेत काही बिघडलं तर माणूस न राहवून दुरुस्तीला बसेल. ज्या रब्बींना हे सुचलं त्यांच्या घरी सायकल असावी असं आमच्यातल्या फिटरचं मत आहे. सुटलेली चेन समोर दिसत असताना शब्बाथ संपेपर्यंत हात मागे बांधून बसणं त्याला अजून जमत नाही.

क्रँकने हिंदुस्थानकडे बोट दाखवलं, पण एकट्या बोटावर आम्ही विसंबायला तयार नव्हतो. आणि मग सीटचा दांडा काढताना ती पट्टी सापडली.

सीटचा दांडा मूळचा नव्हता, नळीपेक्षा किंचित बारीक होता. असा दांडा हलतो. त्यावर जगातल्या सगळ्या गरीब मेकॅनिकांचा एकच इलाज: पत्र्याची पट्टी कापून दांड्याभोवती गुंडाळायची आणि नळीत ठोकायची. दांड्याबरोबर ती गुंडाळीही बाहेर आली. दीड इंच रुंद, तीन इंच लांब, कुठल्याशा डब्यातून कापलेली. रॉकेलमध्ये बुडवून कापसाने पुसली. आतल्या बाजूला, जिथे हवा लागली नव्हती, तिथे पिवळा रंग आणि त्यावर लाल अक्षरं. सुरुवातीचं अक्षर कात्रीत गेलेलं, उरलेलं स्पष्ट: ‘ळ्या’. त्याच्या आधी काना-मात्रेचा शेवट. ‘गोळ्या’.

आमच्यातल्या नर्सला वाचायला क्षण लागला नाही. आयुष्यभर हेच वाचलं. औषधाच्या गोळ्या की खायच्या, यावर घरात अजून वाद आहे. वाद कशावर नाही, तर ‘ळ’वर. हिंदीत ‘गोलियाँ’ झालं असतं. हा डबा मराठी माणसासाठी छापलेला होता.

आता एक शंका आमच्या मनात आली, ती तुमच्याही येईल. पट्टी इथे बेर शेवातही घातलेली असू शकते. मुंबईहून आणलेला डबा रिकामा झाला, सीट हलायला लागली, कापला. अगदी शक्य आहे. पण मग तर गोष्ट आणखी पक्की होते. पट्टी परळच्या मेकॅनिकने घातली असो की इथल्या पत्र्याच्या खोलीत बसलेल्या कुणी, ज्याच्या घरात मराठी अक्षरांचा डबा होता त्याच्या हातून ती सायकल गेली. ही पट्टी कारखान्याने लावलेली नाही, अस्सल तर मुळीच नाही. सायकलींचा शौकीन ती पहिल्या झटक्यात फेकून देईल. मात्र सायकल कुठे राहिली होती, हे सगळ्या सायकलीत त्या एका पट्टीनेच सांगितलं.

राहिला मावशींचा प्रश्न.

कमिटीच्या बैठकीत एकाने सरळ विचारलं, “पण हीच त्यांच्या वडिलांची याला पुरावा काय?” प्रश्न रास्त होता. तरी हॉलमध्ये एकदम शांतता झाली. आपल्या लोकांना हा शब्द असा सहज ऐकवत नाही. १९६२ साली इथल्या रब्बिनेटने फर्मान काढलं की बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न बाहेरच्या यहुदीशी व्हायचं तर आईकडच्या पिढ्या तपासा, मागे जमेल तितक्या. कोकणात कुणी वंशावळीचे कागद ठेवले होते? आडनावात गाव होतं, किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, एवढाच आपला फ्रेमवर ठोकलेला नंबर. लोक रस्त्यावर उतरले, जेरुसलेमला धरणं धरून बसले, आणि १९६४ साली क्नेसेटने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदी आहेत. मावशी तेव्हा विशीत होत्या. लग्न ठरत होतं. त्यांना कागद मागितला गेला होता. त्यांच्याकडे पुन्हा एकदा पुरावा मागायचा, तोही बापाच्या सायकलचा, हे कुणालाच नको होतं.

म्हणून काहींनी म्हटलं, लिहून टाका नाव, कुणाचं काय जातं. आम्हाला ते पटलं नाही. आपल्याकडे मुंबईहून आलेल्या दहा-पंधरा सायकलींच्या गोष्टी आम्हालाच माहीत आहेत. १९५२ साली काही कुटुंबं इथल्या हालांना कंटाळून, आंदोलन करून मुंबईला परत गेली, त्यांनीही सामान इथेच फुंकलं. एका मावशींच्या वडिलांचं नाव लिहिलं की बाकीच्या सगळ्यांची नावं आपण खोडली. आणि उद्या कुणी जाणकार येऊन म्हणाला की कार्ड खोटं आहे, तर त्या शेजारच्या सेफेर तोरावरही त्याचा विश्वास बसणार नाही.

मावशींना सांगायला आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. जे सापडलं ते क्रमाने सांगितलं. मे १९५१ सांगितला, तो त्यांच्या १९५४ शी जुळतो हे सांगितलं, जुळतो म्हणजे तीच असं होत नाही हेही सांगितलं. गिअर होता का आठवतं, विचारलं. त्या म्हणाल्या, मी दहा-बारा वर्षांची होते, मला पुढे दांडीवर बसवायचे, मागचं मला काय दिसणार. मग पत्र्याची पट्टी त्यांच्या हातात दिली. चश्मा लावून त्यांनी वाचली. “अशा डब्यात आमची आई सुया ठेवायची,” म्हणाल्या. “मराठी आहे ना? मग आपल्यातल्याच कुणाची तरी आहे.” नावाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. सायकल दरवाज्याजवळ ठेवा, आत अंधारात नको, एवढंच सांगितलं.

कार्डावर मराठीत आणि हिब्रूत असं लिहिलं आहे:

‘हंबर सायकल, रॅले घराण्यातली. हब मे १९५१ चा, इंग्लंडचा. एक क्रँक हिंदुस्थानी. मराठी भाषकाच्या घरून गेलेली. मुंबईहून इस्रायलला आलेल्या बेने इस्राएल कुटुंबांनी अशा सायकली आणल्या आणि पहिल्या वर्षांत विकल्या.’

सायकल दरवाज्याजवळ आहे. हिरवा रंग तसाच आहे, पट्टीखालची काळी जागा तेवढी उघडी ठेवली आहे. गोळ्यांच्या डब्याचा पत्रा कार्डाशेजारी काचेखाली ठेवला. मग सीट पुन्हा हलायला लागली, तेव्हा आमच्यातल्या फिटरने सोड्याच्या रिकाम्या डब्यातून दीड इंचाची पट्टी कापून आत ठोकली. तिच्यावर हिब्रू अक्षरं आहेत.